मैलवाले नाना

राहात्याच्या पेठेत नानांना खिशातून रोख पैसे काढताना कुणी पाहिलेलं नाही. खिशात घालताना मात्र सगळ्यांनी पाहिलंय. चार जण मिसळ खायला बसले की बिल येताच नाना त्यावर झडप घालतात. नवख्या माणसाला वाटतं, काय दिलदार गडी आहे! जाणते लोक मुकाट्यानं आपापल्या मिसळीचे पैसे मोजून नानांच्या तळहातावर ठेवतात. नाना ते डाव्या खिशात सारतात, उजव्या खिशातून कार्ड काढतात आणि गल्ल्यावरच्या पोराला म्हणतात, "हं, घास." रोकड लोकांची, कार्ड नानांचं आणि मैलही नानांचे.

मैल म्हणजे विमानाचे मैल. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर विमानकंपनी प्रत्येक प्रवासामागे काही मैल जमा करते आणि पुरेसे साठले की फुकट तिकीट देऊ म्हणते. या धंद्यात बँका उतरल्यापासून विमानात पाय न ठेवताही, नुसतं कार्ड घासून मैल साठतात. नानांचे बहुतेक मैल असे जमिनीवरचेच आहेत. खताच्या गोण्या, ट्रॅक्टरचं डिझेल, पाव्हण्यारावळ्यांच्या लग्नांचे मांडव आणि दुसऱ्यांची आजारपणं, अशा नाना ठिकाणांहून ते गोळा झालेत.

आजारपणाचं सांगायलाच हवं. शेजारचे आप्पा छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात भरती झाले, तेव्हा नात्यातल्या सगळ्यांच्या आधी नाना काउंटरवर हजर. "ॲडव्हान्स मी भरतो, तुम्ही पेशंटकडं बघा," म्हणाले. आप्पांच्या थोरल्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या दिवशी आप्पा बरे होऊन घरी निघाले, तर नाना डॉक्टरांना विचारतात, "इतक्यात सोडताय? अजून दोन दिवस देखरेखीखाली राहिले असते तर बरं." पुतण्याच्या लग्नात त्यांनी मांडववाला, आचारी, घोडेवाला या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: मशीन आहे का? बँडवाल्याकडं नव्हतं. नवरदेव डीजे लावून मिरवला. सगळ्यांना वाटलं, पोरांचा हट्ट असेल.

दुकानदारही काही कच्चे नाहीत. "नाना, कार्डाला दोन टक्के जादा पडतील," असं तोंडावर सांगतात. नाना देतात. दहा हजारांच्या खरेदीवर दोनशे रुपये जादा मोजून जेवढे मैल पदरात पडतात, तेवढ्यांचे बाजारात शंभरही यायचे नाहीत, हा हिशेब कॉलेजात जाणाऱ्या नातवानं त्यांना कागदावर करून दाखवला. नानांनी कागद नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "तू अजून लहान आहेस."

नानांचं राहात्यात कृषी सेवा केंद्र आहे. शिवाय पाच एकर ऊस, थोडी पेरूची बाग, आणि कारखान्याचं सभासदत्व वडिलांपासून चालत आलेलं. विमानाशी त्यांचा संबंध आला तो बियाण्याच्या टार्गेटमुळे. कंपनीनं ठरवून दिलेला माल खपवला की दुकानदाराला बँकॉकची सहल, असा या धंद्यातला जुना रिवाज. नाना एका वर्षी टार्गेटात बसले आणि विमानातही बसले. बँकॉकविषयी ते फारसं बोलत नाहीत. सहलीला गेलेलं कुणीच बोलत नाही. पण त्या विमानात मिळालेल्या फॉर्मविषयी मात्र भरभरून बोलतात. फॉर्म भरून दिला आणि महिन्याभरात टपालानं कार्ड आलं. त्यावर नाव, आणि नावाखाली नऊ आकडी सभासद क्रमांक. नगर जिल्ह्यातल्या माणसाला सभासद म्हटलं की काय होतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

प्रवरानगरला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं कारखाना सुरू केला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. तेव्हापासून इथला माणूस जन्मतो तोच कशाचा तरी सभासद होण्यासाठी. कारखाना, सोसायटी, दूध संघ, पतसंस्था. सभासद म्हणजे नुसता गिऱ्हाईक नव्हे. त्याला सणाला सवलतीची साखर असते, वार्षिक सभेचं निमंत्रण असतं, आणि अध्यक्षांना "बसा खाली" म्हणायचा हक्क असतो. विमानकंपनीनं आपल्याला घरात घेतलं, अशा समजुतीनं नानांनी ते कार्ड देव्हाऱ्यात, लक्ष्मीच्या फोटोमागं ठेवलं. तिथून ते खिशात आलं, तेव्हा सोबत एक लाल कापडी बांधणीची वही आली.

ती वही मी पाहिली आहे. नाना कुणालाही दाखवत नाहीत, पण मी त्यांच्या नातवाचा शिक्षक, त्यामुळे मला थोडा मान आहे. पहिल्या पानावर श्री, त्याखाली कंपनीचा जुना छापील तक्ता खळीनं चिकटवलेला. कुठून कुठं जायला किती मैल लागतील ते त्यात स्पष्ट लिहिलेलं. पुढच्या पानांवर रकाने: तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. तपशिलाच्या रकान्यात 'पाइप, दोन इंची', 'आप्पा, अँजिओग्राफी', 'मिसळ, सहा जण', अशा नोंदी, जमेच्या रकान्यात नीटस आकडे. नावेचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा.

"नाना, खर्च काहीच नाही?"

"सर, साठवायच्या गोष्टी साठवायच्या असतात."

शिल्लक होती दोन लाख एकेचाळीस हजार. पृथ्वीपासून चंद्र सरासरी दोन लाख एकोणचाळीस हजार मैलांवर आहे. म्हणजे नाना हिशेबानं चंद्रावर पोचून वर दोन हजार मैल हिंडले असते. मी हे सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. मग जरा विचार करून म्हणाले, "पण यायचं काय?"

नानांनी मैलांसाठी खाल्लेले टक्केटोणपे ऐकले की विमानधंद्याचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास आपोआप समजतो. किंगफिशरचा लाल रंग त्यांना आवडायचा, म्हणून थोडे मैल तिथं ठेवले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती विमानं जमिनीवर बसली ती उठलीच नाहीत. जेटमध्ये बऱ्यापैकी ठेव होती. १७ एप्रिल २०१९ ला जेटनं शेवटचं उड्डाण केलं आणि नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कळलं की मैल सांभाळणारी कंपनी निराळी आहे, तिच्यात मोठा वाटा अबुधाबीच्या एतिहादचा आहे, त्यामुळे विमानं गेली तरी मैल शिल्लक आहेत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्यांचं नावही बदललं, इंटरमाईल्स झालं. कारखान्याचं धुराडं थंड, पण सभासदांची यादी अद्ययावत, असा हा प्रकार. मग नाना विस्ताराकडं वळले. तिच्या कार्डाचा जांभळा रंग नानींना आवडला. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट महाराजाच्या दरबारात वर्ग झाले. एअर इंडियाचा हा महाराजा १९४६ सालचा. बॉबी कूका यांच्या कल्पनेतला, उमेश राव यांच्या हातचा, पगडी घालून कमरेत वाकलेला. नाना म्हणतात, "त्याच्याकडं नीट बघा सर. मान आपल्याला देतोय, पण लक्ष आपल्या खिशाकडं आहे."

एवढ्या नामांतरांची त्यांना सवय झाली आहे. आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा गावात दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ होते. नानांनी एवढीच चौकशी केली, की अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यानं पत्ता बदलायला लागेल का, आणि पत्ता बदलला तर मैल लॅप्स तर होणार नाहीत ना.

इंडिगोवर मात्र त्यांचा वेगळाच राग आहे. २००६ पासून ही कंपनी उडतेय, देशात सगळ्यात मोठी झाली, पण २०२४ पर्यंत मैलांचा स्वतःचा असा कार्यक्रमच तिनं काढला नव्हता. "अठरा वर्षं बिनसभासदाचा धंदा! याला काय धंदा म्हणायचं?" मी म्हटलं, "नाना, ज्यानं काही दिलंच नाही, त्यानं काही बुडवलंही नाही." यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी कारखान्याच्या सभेत खासगी कारखान्याचं कौतुक केलं होतं.

खरं दुखणं कंपन्या बुडण्याचं नाहीच. बुडालं की माणूस रडून मोकळा होतो. जिवंत कंपनीतले मैल हळूहळू बारीक होत जातात, त्याचं रडायचं कधी, हेच कळत नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला हा खेळ मोठ्या प्रमाणावर सुरू केला, तेव्हा मैल म्हणजे खरोखर मैल होते: जेवढं उडाल, तेवढे मिळतील. पुढं एकेका कंपनीनं काटाच बदलला. अमेरिकेत डेल्टानं २०१५ मध्ये, आपल्याकडं एअर इंडियानं २०२४ मध्ये अंतर मोजणं सोडून तिकिटाचे रुपये मोजायला सुरुवात केली. म्हणजे स्वस्तातलं तिकीट काढून लांबवर जाणारा नानांसारखा माणूस मागं पडला आणि जवळच्या गावाला महागडं तिकीट काढून जाणारा साहेब पुढं गेला. दुसरीकडं कुठल्या प्रवासाला किती मैल लागतील याचे छापील तक्तेही अनेक कंपन्यांनी गुंडाळले. आता भाव रोजचा, त्या त्या जागेचा. आणि तिकीट 'फुकट' निघालं तरी कर, विमानतळाचं शुल्क आणि इंधनाचा अधिभार रोखीनं भरायचा. मैल कमी होत नाहीत, वहीतली शिल्लक तेवढीच दिसते. फक्त त्यात येणारं काही कमी होत जातं.

काटामारी म्हणजे काय, हे उसाच्या पट्ट्यात कुणाला शिकवावं लागत नाही. नानांचं सगळं आयुष्य उसाच्या काट्यावर लक्ष ठेवण्यात गेलंय. उसाच्या बिलातून परतीची ठेव कापली, बिनपरतीची ठेव कापली, तरी पै-पैचा हिशेब तोंडपाठ. "आमच्याकडं 'बिनपरतीची' असं निदान आधी सांगून कापतात," ते म्हणतात. "हे विमानवाले परतीची म्हणून घेतात आणि बिनपरतीची करतात." त्यावर उपायही त्यांच्याकडं तयार आहे. मैलाला एफआरपी लागू करावी. केंद्र सरकार दर हंगामाला उसाचा रास्त आणि किफायतशीर दर ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये ठरला होता. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. तसंच, एका मैलाला किमान इतके पैसे आणि मागितल्यापासून चौदा दिवसांत तिकीट. "चौदा दिवसांत कारखाने तरी कुठं देतात, नाना?" "देत नाहीत. पण दिले नाहीत म्हणून बोंबलता तर येतं!"

बोंबलता येणं हा मुद्दा त्यांच्या दृष्टीनं कळीचा. विमानकंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी आणि कुठं भरते, याची त्यांनी तीनदा लेखी विचारणा केली. विषयपत्रिकेवर काय मांडायचं तेही ठरलेलं होतं: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, मैलांच्या घसरत्या दराबाबत विचारविनिमय, आणि अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. नानांना ठाऊक आहे, की अशा सभेत शेवटी पुढच्या रांगेतली माणसं "मंजूर, मंजूर" ओरडतात आणि सगळं मंजूर होतं. पण त्याआधी माइक हिसकावून पाच मिनिटं बोलायला मिळतं आणि दुसऱ्या दिवशी गावात लोक म्हणतात, नाना बोलले बरं का. विमानकंपनीकडून उत्तर आलं ते असं: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दर बदलतानाही त्यांचं पत्र याच थाटात येतं. 'आमच्या सन्माननीय सदस्यांना अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून योजनेत सुधारणा करण्यात येत आहे.' सुधारणा हा शब्द दिसला की नाना आता चष्मा न लावताच वही मिटतात.

काकडीचा विमानतळ झाला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपले दिवस आले. १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डीच्या या विमानतळाचं उद्घाटन झालं. साईबाबांच्या समाधीचं शताब्दी वर्ष, कोपरगाव तालुक्याच्या माळावर अडीच हजार मीटरची धावपट्टी, आणि राहात्यातून मोटारीनं गेलं तर चहा निवण्याच्या आत पोचावं इतकं अंतर. नाना उद्घाटनाला नवा नेहरू शर्ट घालून गेले, लांबूनच विमान पाहून आले. पण ज्या कंपनीत त्यांचे मैल, तिचं विमान काकडीला उतरायचं नाव काढेना. हैदराबादचे भाविक विमानातून उतरून नानांच्या दुकानासमोरून शिर्डीला जातात आणि नानांनी काशीला जायचं म्हटलं तर आधी गाडी करून मुंबई गाठायची.

काशीचं नानींच्या मनात फार दिवस होतं. एका संध्याकाळी नानांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, वही उघडली आणि फोन स्पीकरवर टाकला. मी साक्षीदार.

"ताई, राहात्याहून बोलतोय. जुना सभासद. दोन तिकिटं पाहिजेत, काशीची. जाऊन-येऊन. पैसे नाही द्यायचे, मैल आहेत. तुमच्याच तक्त्याप्रमाणं माणशी वीस हजार."

"सर, आता तक्ता नसतो. त्या दिवशीच्या मागणीनुसार पॉइंट लागतात."

"म्हंजी बाजार समितीवानी? मग लिलाव कुठं होतो? आमच्याकडं डाळिंबाचा भाव फुटतो तो डोळ्यांसमोर फुटतो."

"सर, आपली तारीख सांगा."

नानांनी कार्तिकी पौर्णिमा सांगितली. उपलब्ध नाही. दिवाळीनंतरचा आठवडा. उपलब्ध नाही. मग ते मागं मागं येत पितृपक्षापर्यंत आले. शेवटी पलीकडून आवाज आला, "सर, एक पर्याय दिसतोय. पहाटे चार चाळीसला मुंबईहून दिल्ली. दिल्लीला नऊ तास थांबा. तिथून वाराणसी. माणशी त्रेसष्ट हजार पॉइंट, कर वेगळा."

"घ्या," नाना म्हणाले. त्यांचा आवाज जरा कापला. नावेचा रकाना पहिल्यांदाच भरणार होता. "आणि येतानाचं?"

"येतानाचं दिसत नाहीये सर. फक्त जातानाचं मिळेल."

आतल्या दारात नानी उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "काशीचं एकेरी तिकीट तुमचं तुम्हाला लखलाभ. मी भजनी मंडळाबरोबर जाते." आणि गेल्याही. मनमाडहून महानगरी एक्सप्रेस, सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सतरा बायका. परत येताना गंगेचं पाणी आणलं, नानांसाठी एक पंचा आणला. त्या दिवसापासून घरात मैलांचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणतात, "मी राहात्याहून नगरला एस्टीनं अर्ध्या तिकिटात जाते. मार्च तेवीसपासून. मला कुणी सोन्याचं कार्ड दिलं नाही की वही घालायला लावली नाही. कंडक्टर हसून बोलतो."

कुणालाही वाटेल, की इथं नानांचे डोळे उघडले असतील. पण साठवणाऱ्या माणसाचे डोळे मिटायला आणि उघडायला त्याची शिल्लकच लागते. त्याच सुमारास न्यू जर्सीहून लेकीनं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या आणि नाना पुन्हा ताठ झाले. पहिली गोष्ट डेव्हिड फिलिप्सची. कॅलिफोर्नियाच्या या इंजिनिअरनं १९९९ साली एका खाद्यकंपनीची योजना बारकाईनं वाचली. पुडिंगच्या कपांवरची लेबलं पाठवली की विमानाचे मैल मिळणार होते, आणि मैलांची किंमत पुडिंगपेक्षा जास्त भरत होती. पठ्ठ्यानं बारा हजार दीडशे कप उचलले, जेमतेम तीन हजार एकशे चाळीस डॉलर खर्चून साडेबारा लाख मैल मिळवले आणि लेबलं सोलायला माणसं मिळावीत म्हणून पुडिंग दान करून टाकलं. नानांनी हे ऐकलं त्या आठवड्यात त्यांच्या कार्डावर 'किराण्यावर पाचपट पॉइंट' अशी ऑफर आली. नानांनी तेल घेतलं, डाळी घेतल्या आणि जोशात येऊन साखरेची चार पोती घेतली. साखर! घरात सभासदाची साखर पडलेली, शिवारात ऊस उभा, आणि राहात्याच्या माणसानं छापील किमतीत साखर विकत घेतली, ही बातमी लोणीपासून कोपरगावपर्यंत पोचायला अर्धा दिवसही लागला नाही.

दुसरी गोष्ट युनायटेडची. २०२० मध्ये कोरोनानं विमानं बसली, तेव्हा या कंपनीनं आपली मैलांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. त्या वेळी योजनेची किंमत तिनं सुमारे बावीस अब्ज डॉलर दाखवली, आणि खुद्द कंपनीचे सगळे शेअर मिळून बाजारात तेवढे भरत नव्हते. "बघा!" नाना दुकानात येईल त्याला सांगू लागले, "तिकडं विमानापेक्षा मैल महाग!" मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला. तारण ठेवलेत ते गिऱ्हाइकांच्या खात्यातले मैल नव्हेत, मैल छापायचं यंत्र आहे. बँका तिथून कोट्यवधींचे मैल घाऊक विकत घेतात, कंपनी हवे तेवढे छापते, आणि त्या मैलांत काय मिळेल हेही तीच ठरवते. विमानातल्या फुकटच्या जागा थोड्याच वाढतात, मैल मात्र वाढतच जातात. नानांनी सगळं ऐकून घेतलं. त्यातले 'यंत्र', 'छापणं' आणि 'तीच ठरवते' एवढेच शब्द त्यांच्या डोक्यात राहिले, हे मला महिन्याभरानं कळलं.

मृगाच्या तोंडावर दुकानात फलक लागला. नानांची स्वतःची पॉइंट योजना! हजाराच्या खरेदीला दहा पॉइंट. पाचशे पॉइंट झाले की पाठीवरचा फवारणी पंप मोफत. प्रत्येकाला पिवळं कार्ड, त्यावर सभासद क्रमांक. लोक खूश. हंगामभर नानांकडून खतं गेली, औषधं गेली, ठिबकचं सामान गेलं. उधारीवरच्या खरेदीलाही पॉइंट, कारण आमच्याकडं रोखीनं खत घेणारा शेतकरी शोधावाच लागतो. बाकीच्यांचं खातं उसाचं बिल निघालं की चुकतं व्हायचं. दिवाळी झाली आणि पाचशेच्या जवळपास पोचलेली माणसं दुकानाभोवती घोटाळू लागली. एक दिवस जुन्या फलकाच्या जागी नवा आला: 'आमच्या सन्माननीय शेतकरी सभासदांना अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून योजनेत सुधारणा. फवारणी पंप: ९०० पॉइंट.'

नाना गल्ल्यावर असे बसले होते, जणू विमानकंपनीचा महाराजाच दुकानात येऊन बसलाय.

पुणतांब्याचे एक आबा आले. नानांचे जुने गिऱ्हाईक, १ जून २०१७ च्या शेतकरी संपात दूध रस्त्यावर ओतताना टीव्हीवर दिसलेले. हातात पिवळं कार्ड, पाचशे दहा पॉइंट. त्यांनी फलक वाचला. पुन्हा वाचला. मग बाकावर बसून तंबाखू मळत विचारलं, "नाना, माझ्याकडं तुमची बाकी किती?"

"अठरा हजार."

"पाचशेचे नऊशे केले तुम्ही. म्हंजी माझ्या नऊ पॉइंटांत आता पाचाचाच दम उरला. बरोबर?"

"योजनेत सुधारणा झाली, आबा."

"माझ्याकडंबी झाली." आबांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या आणि गल्ल्यावर ठेवल्या. "नवाला पाच. अठराचे दहा. हे घ्या दहा हजार, खातं बंद करा. तुमच्या सोयीसाठीच करतोय."

दुकानात बसलेले पाच-सहा जण उठून उभे राहिले. सगळ्यांची उधारी नानांकडंच होती आणि सगळ्यांनाच भागाकार येत होता. नानांनी एकवार त्यांच्याकडं, एकवार फलकाकडं पाहिलं. मग स्वतः स्टुलावर चढून फलक उतरवला, आबांना गोदामातून पंप आणून दिला आणि अठरा हजार पुरे मोजून घेतले.

गर्दी पांगल्यावर बराच वेळ नाना गप्प बसून होते. मग म्हणाले, "सर, आता ध्यानात आलं. मैल म्हंजी आपण विमानवाल्याला दिलेली उधारी. देणेकरी तो, पण वही त्याच्याचकडं. आपल्या वहीला कोण विचारतो?" एवढ्या वर्षांत विमानधंद्यावर इतकं नेमकं बोललेलं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

पंपाची पट्टी नीट करत आबा अजून पायरीवरच होते. त्यांनी विचारलं, "मग नाना, त्याला उधार देणं बंद का करत नाही?"

"कसं बंद करू, आबा?" नानांनी लाल वही पुढं ओढली. "नऊ हजार घातले की अडीच लाख पुरे होतात!"